पॅरिसचे फाल्गुनराव

आज आधी एक कोडं घालते. जन्म पॅरिसचा, मधे थोडे दिवस मुक्काम लंडनला, पण संसार मात्र महाराष्ट्रात. बोलणं अस्सल मराठी आणि स्वभाव असा, की स्वतःच्या सावलीचाही संशय घ्यावा! ओळखा पाहू कोण?

नाही ना आलं? आई-बाबांना विचारा. त्यांनाही नाही आलं तर आजोबांना विचारा, त्यांना बहुतेक येईलच. तोवर आपण जरा अमेरिकेला जाऊन येऊ. तुम्ही म्हणाल, कोडं पॅरिसचं आणि जायचं अमेरिकेला? हो, कारण एक पॅरिस अमेरिकेतही होतं, लाकडाचं आणि रंगवलेल्या पडद्यांचं!

‘ॲन अमेरिकन इन पॅरिस’ नावाचा एक जुना इंग्रजी सिनेमा आहे. १९५१ सालचा. मी डी.एड.ला असताना एका मैत्रिणीकडे सीडीवर तो पहिल्यांदा पाहिला आणि त्या रात्री आम्ही दोघींनी वसतिगृहाच्या व्हरांड्यात नाचायचा प्रयत्न केला. गोष्ट साधी आहे. दुसरं महायुद्ध संपलंय. एक अमेरिकन शिपाई घरी परत न जाता पॅरिसमध्येच राहतो, कारण त्याला चित्रकार व्हायचंय. खिशात पैसे नाहीत, खोली एवढीशी, पण गडी आनंदी. हे काम केलंय जीन केली या नटाने. तो असा नाचतो, की त्याच्या पायांना हाडं आहेत की नाहीत असं वाटावं. नायिका लेस्ली कॅरन खरीखुरी फ्रेंच मुलगी, पॅरिसमध्ये बॅले नाचणारी. केलीने तिला तिथे रंगमंचावर पाहिलं होतं. तिचा हा पहिलाच सिनेमा.

आता गंमत ऐका. या सिनेमातलं पॅरिस, म्हणजे ती नदी, तो घाट, ते रस्त्यावरचं हॉटेल, हे जवळजवळ सगळं कॅलिफोर्नियात, मेट्रो गोल्डविन मेयर कंपनीच्या स्टुडिओत उभारलेलं आहे. सुतारांनी आणि रंगाऱ्यांनी. नायक-नायिका नदीकाठी नाचतात ना, ती नदी पॅरिसची नाहीच! शेवटी तर सुमारे सतरा मिनिटांचा एक नाच आहे, त्यात एकही संवाद नाही. नायकाला आठवणारं पॅरिस त्यात दिसतं, आणि तो चित्रकार असल्यामुळे ते चित्रांसारखंच दिसतं. एक चौक दुफी या चित्रकाराच्या शैलीत, एक फुलबाजार रेनवारच्या, एक रस्ता व्हॅन गॉगच्या रंगांत. म्हणजे चित्रात शिरून नाचल्यासारखं. विन्सेन्ट मिनेली हे दिग्दर्शक. या सिनेमाला त्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट सिनेमासह सहा ऑस्कर मिळाले.

पण मला, एका प्राथमिक शिक्षिकेला, त्यातला सगळ्यात आवडता भाग वेगळाच आहे. सकाळची वेळ. गल्लीतली पोरं नायकाभोवती जमतात, च्युइंगगम मागतात. तो वाटतो. आणि मग म्हणतो, चला, तुम्हाला इंग्रजी शिकवतो. फळा नाही, खडू नाही. एक गाणं घेतो. ओळीच्या सुरुवातीचे थोडे शब्द मुलांनी ओरडायचे, बाकीची ओळ तो म्हणणार. पोरांची पाळी आली की ती अशी जोरात ओरडतात! मग तो आगगाडी होतो, विमान होतो, शिपाई होतो, चार्ली चॅप्लिन होतो. तीन-चार मिनिटांत त्या पोरांना शब्द पाठ, ताल पाठ. पहिलीच्या वर्गाला इंग्रजी शिकवणाऱ्या सगळ्यांनी हा भाग एकदा पाहावा, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रशिक्षणाला बोलावून दाखवला तरी चालेल!

सिनेमाचं नाव ज्या संगीतावरून आलं, ते जॉर्ज गर्श्विन यांनी १९२८ साली लिहिलं होतं, म्हणजे सिनेमाच्या कितीतरी आधी. हे गृहस्थ पॅरिसला गेले आणि येताना काय घेऊन आले असतील? अत्तर? टोपी? छे! टॅक्सीचे भोंगे! रबरी गोळा दाबला की वाजणारे. आणि न्यूयॉर्कच्या मोठ्या सभागृहात व्हायोलिन, सनया, ढोल यांच्या बरोबरीने त्यांनी ते भोंगेही वाजवायला लावले. लोकांना पॅरिसचा रस्ता डोळ्यांनी नाही, कानांनी दाखवला. १९३७ साली ते वारले, तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. त्यांच्या संगीतावरचा हा सिनेमा त्यांना पाहायला मिळाला नाही.

आवाजांवरून आणखी एक आठवलं. १९३२ सालचा ‘लव्ह मी टुनाइट’. त्याची सुरुवातच अशी आहे, की पॅरिसला जाग येते आहे. कुणी रस्ता खोदतोय, कुणी झाडतोय, चांभार खिळे ठोकताहेत. हळूहळू हे सगळे आवाज एका तालात बसतात आणि त्यातून गाणं उभं राहतं. हेही पॅरिस स्टुडिओतलंच बरं का! हा भाग पाहिल्यावर आमच्या वर्गाने भिवापूरच्या सकाळची यादी केली. एसटीचा हॉर्न, कोंबडा, डबे आपटणारा दूधवाला, मिरची कांडपाच्या गिरणीची धडधड आणि तिच्या शेजारून जाणाऱ्या प्रत्येकाची शिंक. शिंक कुठल्या मात्रेवर घ्यायची, यावरून दोन गट पडले.

असे पॅरिसचे संगीतपट हॉलिवूडने पुष्कळ काढले. पुढे त्यांना वाटलं, खोटं कशाला, खऱ्याच गावी जाऊ. १९५७ च्या ‘फनी फेस’मध्ये ऑड्री हेपबर्न खऱ्या आयफेल टॉवरवर दिसते. १९५८ च्या ‘जीजी’ला तर नऊ ऑस्कर मिळाले. (हा सिनेमा पालकांनी आधी एकट्याने पाहावा आणि मग ठरवावं. गाणी सुंदर आहेत, विषय मोठ्यांचा आहे.) आपल्या हिंदीवाल्यांनाही पॅरिसची भुरळ पडली. शक्ती सामंतांचा ‘ॲन ईव्हनिंग इन पॅरिस’ १९६७ सालचा. शम्मी कपूर, शर्मिला टागोर, शंकर-जयकिशनचं संगीत. तुमच्या आजी-आजोबांना यातली गाणी तोंडपाठ असणार, विचारून पाहा. आजोबा लाजले तर समजायचं, पाठ आहेत.

पण एक गोष्ट मला नेहमी खटकते. हॉलिवूडच्या या पॅरिसमध्ये रंगीत फुलं असतात, पाव असतात, टोप्या असतात, पण माणसं बहुतेक वेळ इंग्रजीतच बोलतात आणि अमेरिकन माणसासारखाच विचार करतात. म्हणजे गाव पॅरिसचं, माणसं मात्र घरचीच. आणि आपल्याकडे याच्या बरोबर उलटं घडलं होतं, तेही हॉलिवूडमध्ये सिनेमा बोलू लागण्याच्या कितीतरी आधी. माणसं पॅरिसची आणली, आणि गाव मागेच ठेवलं!

आता कोड्याचं उत्तर. फाल्गुनराव! ‘संगीत संशयकल्लोळ’ या नाटकातले.

पॅरिसमध्ये मोलिएर नावाचा नाटककार होऊन गेला. जन्म १६२२ चा, म्हणजे आपल्या शिवाजी महाराजांच्या काळातलाच. वडील राजवाड्यातल्या गाद्या-पडदे-खुर्च्यांचं काम बघणारे. मुलाने तो धंदा सोडला आणि नाटक कंपनी काढली. स्वतः लिहायचं, स्वतः काम करायचं, कंपनीही चालवायची, असा तिहेरी कारभार. संगीतकारांना हाताशी धरून त्याने गाण्या-नाचांची नाटकंही केली. १६७३ साली ‘काल्पनिक रोगी’ म्हणून ज्याचं मराठीत नाव सांगता येईल, त्या नाटकात तो आजाऱ्याचं सोंग घेऊन उभा होता. प्रयोगातच खरोखर आजारी पडला, नाटक तसंच पुरं केलं आणि त्याच रात्री वारला.

त्याने १६६० साली एक छोटंसं विनोदी नाटक केलं. एका मुलीला रस्त्यात घेरी येते. तिच्या हातून एक तसबीर खाली पडते. तसबीर तिचं ज्याच्याशी लग्न ठरलेलं असतं त्या तरुणाची. शेजारचा एक गृहस्थ धावत येऊन मुलीला सावरतो. त्याची बायको खिडकीतून हे बघते. झाला संशय! ती तणतणत खाली येते, तोवर नवरा मुलीला घरी पोचवायला गेलेला. बाईला रस्त्यात पडलेली तसबीर दिसते. ती उचलून बघते, देखणा तरुण आहे म्हणते, आणि तेवढ्यात नवरा परत येतो. बायकोच्या हातात परक्या तरुणाचं चित्र! झाला दुसरा संशय! मग तो तरुण येतो. आपली तसबीर या भलत्याच माणसाकडे बघून त्यालाही संशय. चौघेही खरं तेच बघतात आणि चौघेही खोटं तेच समजतात. सगळ्यात मोठी गंमत म्हणजे कुणीच वाईट नाही.

या छोट्या नाटकावरून लंडनच्या आर्थर मर्फीने १७६१ साली मोठं पाच अंकी इंग्रजी नाटक केलं. आणि ते गोविंद बल्लाळ देवलांच्या हाती लागलं. देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे. ‘संगीत शारदा’ लिहिणारे तेच. काही काळ ते बेळगावला शिक्षक होते, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर त्यांचे गुरू. देवलांनी १८९३ साली ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य नाटक लिहिलं. पुढे त्यात गाणी घालून त्याचं ‘संशयकल्लोळ’ केलं. १९१६ च्या जूनमध्ये देवल वारले आणि त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगमंचावर आणलं. गणपतराव बोडसांचे फाल्गुनराव इतके गाजले, की पुढे कितीतरी वर्षं फाल्गुनराव म्हटलं की बोडसच आठवावेत.

देवलांनी काय केलं बघा. पॅरिसची गल्ली नाही, पोशाख नाही, फ्रेंच नावं तर मुळीच नाहीत. सगळ्या पात्रांना त्यांनी आपल्या पंचांगात बसवून टाकलं! पुरुषांना महिने, बायकांना नक्षत्रं. फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, नोकर भादव्या. आणि कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा. नाटक बघता बघता निम्मे महिने पाठ! आणखी एक बदल केला, तो मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मोलिएरची नायिका एका सुखवस्तू घरातली मुलगी. देवलांची रेवती नायकिणीच्या, म्हणजे गाऊन-नाचून पोट भरणाऱ्या बाईच्या घरातली. त्या काळी अशा घरातल्या मुलीशी कुणी मानाने लग्न करत नसे. अश्विनशेठ ते करायला निघतो. पॅरिसच्या हसवणुकीत देवलांनी आपल्या घरचा एक दुखरा प्रश्न हळूच ठेवून दिला.

तसबिरीचंही बघा ना. मोलिएरच्या काळात कॅमेरा नव्हता, तेव्हा ती हाताने रंगवलेली चिमुकली तसबीर. फोटो काढायची युक्ती जगाला सांगितली गेली ती १८३९ साली, पुन्हा पॅरिसलाच, दागेर नावाच्या माणसामुळे. देवलांच्या वेळेपर्यंत फोटो आपल्याकडेही आला होता. आणि आता? मी सातवीच्या वर्गाला ही गोष्ट सांगितली आणि म्हटलं, हे नाटक आपल्या भिवापुरात घडतंय असं समजा, तर लगेच मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, तसबीर काहाले पाहिजे? मोबाइल पाडून देऊ नं खाली!”

झालं. वर्ग देवल झाला! मुलीला घेरी यायला कारण हवं. ते सापडायला वेळ लागला नाही. मिरचीचा सातरा! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या भागात मिरची वाळवतात, निवडतात, तिचे देठ खुडतात, त्या मोकळ्या जागेला सातरा म्हणतात. लाल ढिगांच्या मधोमध बायका ओळीने बसलेल्या असतात. तिथे ठसका लागून कुणाला घेरी येणं अगदी शक्य आहे. फाल्गुनराव झाले मिरचीचे अडते. आणि नावं? शेतकऱ्यांचीच पोरं ती! त्यांनी पावसाची नक्षत्रं घेतली. अडत्याचं नाव मृगराव, बायको आर्द्राबाई, आणि धिप्पाड नोकराचं नाव हत्ती, कारण हस्त नक्षत्राला आमच्याकडे हत्तीच म्हणतात. देवलांना हे आवडलं असतं असं मला वाटतं.

पालक सभेत मात्र एक गृहस्थ म्हणाले, “मॅडम, गॅदरिंगला दोन-तीन रेकॉर्डची गाणी बसवून टाका. नाटकात पोरांचा अभ्यास जाते.” मी त्यांना उलट विचारलं, की पोरांनी गेल्या आठवड्यात कुणी न सांगता सत्तावीस नक्षत्रं पाठ केली, ती कोणत्या तासाला धरायची? सभेत हशा झाला. पण त्यांचं समाधान झालं असेल असं मला वाटत नाही. त्यांच्या बोलण्यात काळजी अभ्यासाची कमी आणि ‘नाटकवाले’ या शब्दाची जास्त होती.

हा शब्द आमच्याकडे जरा वेगळ्या अर्थाने वापरतात. भिवापूरहून पूर्वेला निघालं, की नागभीड, ब्रह्मपुरी आणि वैनगंगा ओलांडली की वडसा. हा सगळा झाडीपट्टीचा मुलूख. दिवाळी झाली, धान निघालं, की गावोगावी मंडई भरते आणि रात्रभर नाटकं चालतात. वडशाला नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत. रात्री दहाच्या सुमाराला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. लोक चादरी पांघरून जमिनीवर बसतात, तंबूत पोरं झोपतात, गाणं लागलं की उठतात. गाणं रेकॉर्डचं नसतं बरं! नट स्वतः गातात. समोर ऑर्गन, तबला. मुंबई-पुण्यात संगीत नाटकांचे दिवस सरले असं आपण म्हणतो, पण इथे गाणारं नाटक अजून थंडीत जागतं. यातलेच एक कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. आणि तरीही शिकलेल्या घरांतून पोरांना सांगतात, नाटकाच्या नादी लागू नको.

म्हणूनच असेल, आमच्या वर्गातल्या एका मुलीने दोन वर्षांत कधी सांगितलं नव्हतं, की तिचे आजोबा अशाच एका कंपनीत ऑर्गन वाजवत. नाटकाला पेटी कोण वाजवणार असा प्रश्न निघाला आणि सगळे गप्प बसले, तेव्हा ती हळूच म्हणाली, “माझ्या आबाजीले येते.” दोघं-तिघं हसली. ती रडवेली झाली. मी त्या दिवशी गणिताचा तास बाजूला ठेवला आणि पेटीची गोष्ट सांगितली. ती तुम्हालाही सांगते.

आपली बाजाची पेटी, हार्मोनियम, जिच्याशिवाय आपलं भजन नाही, कीर्तन नाही, शाळेची प्रार्थना नाही, तीसुद्धा पॅरिसचीच! अलेक्झांडर देबँ नावाच्या कारागिराने १८४२ साली पॅरिसमध्ये तिचं पेटंट घेतलं. आतमध्ये पितळेच्या बारीक पट्ट्या असतात, त्यांना सूर म्हणतात. भात्यातली हवा त्यांच्यावरून गेली की त्या थरथरतात आणि आवाज येतो. पट्टी लांब असली तर आवाज खालचा, आखूड असली तर वरचा. युरोपातली ती पेटी पायाने भाता मारायची, खुर्चीवर बसून वाजवायची. आपण तर जमिनीवर बसणारी माणसं! मग कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या कारखान्याने हाताने भाता मारायची, मांडी घालून वाजवायची पेटी केली. म्हणजे देवलांनी नाटकाचं जे केलं, तेच यांनी पेटीचं केलं.

दोन दिवसांनी आजोबा शाळेत आले. नातीने हाताला धरून आणलं, डोळ्यांना आता कमी दिसतं. शाळेची पेटी कपाटातून काढली, तर मधल्या सप्तकातला गंधार मुका आणि भात्यातून हवा जाते. आजोबांनी बोटांनीच चाचपून झाकण उघडलं, सुराची पट्टी सापडवली, एक जुनं पोस्टकार्ड मागितलं आणि त्याच्या कडेने तिच्या फटीतली धूळ अलगद काढली. भाता मारला. गंधार बोलला! मघा हसलेली तीच पोरं आता आजोबांच्या इतकी जवळ बसली, की त्यांना हात हलवायला जागा उरली नाही.

नातीने मान ताठ करून विचारलं, “आबाजी, हे पेटी पॅरिसची हाये, तुमाले मालूम हाये का?”

आजोबांना मोठी शिंक आली. “असन बापा,” ते नाक पुसत म्हणाले, “पन ह्यातली धूळ तं आपल्या भिवापूरचीच हाये!”

भात्याला नवीन कातडं लावायला पेटी आता नागपूरला गेली आहे. वरच्या सप्तकातले दोन सूर अजून बोलत नाहीत, तेही तिथेच बदलून येतील. आजोबा मंगळवार-शुक्रवार मधल्या सुट्टीनंतर येतात, तोपर्यंत बाकावर ताल धरून गाणी बसवतात. आर्द्राबाईचं गाणं बसलं आहे. मृगरावांना मात्र संशय आहे, की आपल्यापेक्षा हत्तीला जास्त गाणी दिली आहेत.